घरची थरथरी

चंदाबाई शाळेच्या लक्षात आली ती तिच्या मुलीमुळे. पहिलीची भरती होऊन गेली होती. दुपारी खिचडीच्या रांगा लागलेल्या असताना ती सात वर्षांच्या रिंकूला कडेवर घेऊन ऑफिसच्या दारात येऊन उभी राहिली. एवढी मोठी मुलगी कडेवर घेतलेल्या बाईकडे कोणीही एकदा वळून पाहतंच. मुलीची मान आईच्या खांद्यावर टाकलेली, पाय आईच्या गुडघ्यापर्यंत लोंबत होते. चंदाबाईच्या लुगड्याचा काठ ओला होता, म्हणजे ती तलावावरून सरळ आली होती. तिने एवढंच विचारलं, की हजेरीत हिचं नाव लिहाल का. मुलगी बसत नाही, बोलत नाही, शाळेत येऊन करणार काय, असं कोणीतरी म्हणालं. ती रागावली नाही.

"काई नाई करणार," ती म्हणाली. "पण नाव तं पाहिजे ना कुठी तरी."

नाव लिहिलं गेलं. पुढे तीन वर्षं दर शनिवारी सकाळच्या शाळेला चंदाबाई तिला घेऊन यायची, वऱ्हांड्यात भिंतीला पोत्याची घडी टेकवून तिला बसवायची आणि परिपाठ होईपर्यंत तिची मान हाताने धरून ठेवायची. प्रार्थना संपली की उचलून न्यायची. मग रिंकू जड झाली आणि ते थांबलं. थांबल्याचं चंदाबाईने कोणाला सांगितलं नाही. ती एका शनिवारी आली नाही, इतकंच.

पळसटोला हे कुरखेड्यापासून अकरा किलोमीटरवरचं गाव. एका अंगाला जंगल, दुसऱ्या अंगाला मालगुजारी काळातला मोठा तलाव आणि तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून धीवरांची तीसेक घरं. त्यांतलं पाळीच्या अगदी जवळचं घर इस्तारी पचारेचं. चंदाबाई त्या घरात सून म्हणून आली, तेव्हा सासूने, शकुबाईने, पहिल्याच महिन्यात तिला घरची एक गोष्ट सांगून ठेवली. या घरच्या लेकराला जन्मल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी थरथरी येते. हातपाय आखडतात, डोळे वर जातात, ओठ काळेनिळे पडतात. मिनिटभराने लेकरू पुन्हा दूध प्यायला लागतं. घाबरायचं नाही. दीड-दोन महिन्यांत आपोआप जाते. सासऱ्याला आली होती, इस्तारीला आली होती, त्याच्या मोठ्या भावाला आली होती. सगळे धडधाकट. एका दमात तलावाच्या मध्यापर्यंत पोहत जाणारे.

थरथरी जाईपर्यंत त्या घरात पाचवी पुजत नसत आणि बारसंही करत नसत. लेकराच्या अंथरुणाखाली घरातलं सगळ्यात जुनं जाळं अंथरलेलं असायचं. थरथरी थांबली, की ते जाळं तलावात धुऊन वाळत घालायचं आणि मग नाव ठेवायचं. शकुबाई म्हणे, मासोळी पाण्याबाहेर काढली की तडफडते, तसं आमचं लेकरू पोटाबाहेर आलं की तडफडतं. पाण्यातली माणसं आहोत आम्ही. गावात काहींना याचं हसू यायचं, पण शकुबाईच्या तोंडावर कोणी हसलं नाही.

चंदाबाईची पहिली मुलगी दिव्यानी थरथरली नाही. पाच दिवस गेले, दहा गेले, महिना झाला. जाळं अंथरलं तसंच कोरडं राहिलं. शकुबाईने शेवटी नाव ठेवू दिलं, पण मनातून ती गोष्ट गेली नाही. आधी तिने सुनेला विचारलं, ही काऊन नाई थरथरली. मग शेजारणींना विचारलं. पुढे विचारणं बंद झालं आणि टोमणे सुरू झाले. दिव्यानीने ताटातली मासोळी टाकली, की शकुबाई म्हणायची, "आमच्या घरची असती तं..." आणि वाक्य तिथेच सोडून द्यायची. अर्धं राहिलेलं ते वाक्य चंदाबाईने पाच वर्षं ऐकलं. इस्तारी तेव्हा दारात बसून जाळ्याची भोकं शिवत असायचा. त्याची मान कधी वर झाली नाही.

पाच वर्षांनी रिंकू झाली आणि चौथ्या दिवशी सकाळी, दूध पिता पिता, ती थरथरली.

त्या क्षणी चंदाबाईला आनंद झाला. इतका, की तिने मांडीवरचं लेकरू तसंच ठेवून सासूला हाक मारली. शकुबाई धावत आली, पाहिलं, आणि गूळ-फुटाणे घेऊन तलावावर वाटायला गेली. त्या दिवशी तिने चंदाबाईला स्वतःच्या हाताने जेवायला वाढलं. पाच वर्षांत पहिल्यांदा.

सातव्या दिवशी नर्सबाई आली. तिच्यासमोरच रिंकूला तीनदा झटका आला. ती म्हणाली, आजच्या आज गडचिरोलीला न्या, मी गाडी बोलावते. शकुबाईने तिला समजावलं, की आमच्या घरच्या लेकराचं असंच असतं, काही होत नाही. नर्सबाईने चंदाबाईकडे पाहिलं. आईने हो म्हटलं असतं, तर तिने गाडी बोलावलीच असती.

"राहू द्या बाई," चंदाबाई म्हणाली. "घरचंच हाये थे."

दिवसाला पाच वेळा येणारी थरथरी वीसवर गेली. दूध पिणं मंदावलं. मांडीवर घेतलं की अंग पिठाच्या गोळ्यासारखं सैल लागायचं. समोर दिवा धरला तरी डोळे त्याच्या मागे फिरत नव्हते. दीड महिना झाला, दोन झाले. शकुबाईने एखाद्याला उशिरा थांबते असं सांगितलं. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी इस्तारीने लेकराखालचं जाळं ओढून काढलं, न धुता छपरात खोचलं आणि बायकोला म्हणाला, चाल.

तेव्हापासून ती दोघं चालतच राहिली. गडचिरोली झालं, चंद्रपूर झालं, एकदा नागपूर झालं. मधे एक वैदू झाला, एक पुजारी झाला. एका गोळीने झटके कमी झाले, पण रिंकू दिवसभर झोपून राहायची. गोळी कमी केली की झटके परत. पुढे आठवड्याला तीन-चार या हिशेबाने ते ठरून गेले. पाळीवर मोहाच्या झाडाखाली खाट टाकायची, रिंकूला त्यावर निजवायचं आणि खाट दिसेल तितक्याच पाण्यात उतरून झिंगे धरायचे, असं चंदाबाईने काम बसवून घेतलं. तिच्या वयाच्या बाया खोल पाण्यात जायच्या, बोलत हसत बाजाराला जायच्या. ती काठाला. दिव्यानी शिकली, बारावी झाली, सिंदेवाहीकडे लग्न करून गेली. चंदाबाईचे केस पिकले. रिंकू वाढत गेली आणि चंदाबाईची पाठ वाकत गेली.

प्रत्येक नवा डॉक्टर तेच विचारायचा. झटके कधीपासून? चौथ्या दिवसापासून. दवाखान्यात आणलं कधी? तिसऱ्या महिन्यात. डॉक्टर ते लिहून घ्यायचा आणि चंदाबाई त्याच्या पेनाकडे पाहत राहायची. आपण थांबलो म्हणून पोरगी अशी झाली का, हा प्रश्न दरवेळी तिच्या ओठांपर्यंत यायचा. विचारला तर त्याच्या मागची गोष्टही सांगावी लागेल, की थरथरी पाहून आपल्याला आनंद झाला होता. म्हणून तिने तो सोळा वर्षं कोणाला विचारला नाही.

आणखी एक प्रश्न सगळे विचारायचे. घरात कोणाला मिरगी आहे का? चंदाबाई आणि इस्तारी दोघंही नाही म्हणायची. त्यात खोटं काही नव्हतं. मिरगी म्हणजे रोग, आणि थरथरी ही तर घरची खूण. रोगाच्या प्रश्नाला खुणेचं उत्तर कोण देईल? सोळा वर्षांत सात-आठ डॉक्टरांच्या कागदावर 'घरात कोणाला नाही' असं लिहिलं गेलं.

मग कुरखेड्याला मिरगीच्या पेशंटांसाठी शिबिर भरलं. नागपूरहून आलेल्या डॉक्टरांत नीलिमा नावाची एक तरुण डॉक्टर होती, मूळ घुग्घुसची, कोळसा खाणीतल्या डंपर चालवणाऱ्याची मुलगी. रांग संपत आली होती, तीही थकली होती. कागद भरता भरता सहज म्हणाली, रिंकू नाव छान आहे, बारशाला आत्याने ठेवलं का? चंदाबाई म्हणाली, बारसं झालंच नाही. जाळं उठलं नव्हतं ना.

"कोणतं जाळं?"

चंदाबाईने सांगितलं. आधी दोन वाक्यांत, मग नीलिमा विचारत गेली तसं सगळं. सासऱ्याचं, इस्तारीचं, त्याच्या भावाचं, तिसरा-चौथा दिवस, दोन महिने, दिव्यानीचं कोरडं राहिलेलं जाळं. नीलिमाने पेन खाली ठेवलं आणि उरलेले दोन पेशंट दुसऱ्या टेबलावर पाठवले.

तिने जे समजावलं ते चंदाबाईला चांगलं लक्षात राहिलं. मेंदूत बारीक बारीक पेशी असतात, त्या एकमेकींना विजेसारखा इशारा देतात. इशारा देऊन झाला, की पेशीला पुन्हा शांत व्हावं लागतं. त्यासाठी तिच्या अंगाला बारीक दारं असतात, त्यांतून पोटॅशियम नावाचा क्षार बाहेर पडतो. "तुमच्या तलावाला सांडवा हाये ना, मावशी? पाणी जास्त झालं का तिथून निघून जाते. सांडवा बुजला तं काय होते?"

"पाळ फुटते," इस्तारी म्हणाला. त्या दिवशी तो तेवढंच बोलला.

हे दार नीट न उघडण्याचा दोष घराण्यात उतरत आला असावा, असं नीलिमाला वाटत होतं. अशा घरातली बहुतेक लेकरं वाढत्या वयात सावरतात, कारण मेंदूतली दुसरी दारं कामाला लागतात. रिंकूसारखं एखादं सावरत नाही. खात्रीसाठी रक्त तपासायला हवं होतं, रिंकूचं आणि घरातल्यांचंही. दिव्यानीला तेव्हा दिवस गेले होते, म्हणून तिचंही. तपासणी संशोधनाच्या कामातून, म्हणजे फुकट, होणार होती.

शकुबाईने रक्त दिलं नाही. नीलिमा घरी आली तेव्हा म्हातारी म्हणाली, "कोंबडीचं न्या पाहिजे तं. आमच्या घरात दोष नाई, बाई. निशाणी हाये थे." त्यावर नीलिमा हसली आणि म्हातारीने वाढलेला मरळीचा रस्सा तिने भाताशी दोनदा घेतला. म्हातारी या घरात लग्न करून आलेली, तिच्या रक्ताची तशी गरजही नव्हती. इस्तारीने हात पुढे केला. दिव्यानी सिंदेवाहीहून येऊन देऊन गेली.

दीड-दोन महिन्यांनी उत्तर आलं. रिंकूच्या रक्तात दोष होता. इस्तारीच्या रक्तात तोच दोष होता. दिव्यानीच्या नव्हता, म्हणजे तिच्या लेकराला भीती नव्हती. चंदाबाईने हे ऐकून घेतलं. घरी काय होणार हे तिला माहीत होतं.

झालंही तसंच. दिव्यानीत नाही निघालं, एवढं कानावर पडताच शकुबाईने सुपातलं धान पाखडायचं थांबवलं आणि म्हणाली, "मी तं तवाच म्हणत होती."

इस्तारी दारात जाळं शिवत होता. त्याने सुई जाळ्यात टोचून ठेवली.

"माय," तो म्हणाला, "अर्ध्यायले येते, अर्ध्यायले नाई येत. मॅडमनं कागदावर काढून दाखवलं मले. दिव्यानी माही पोरगी हाये. आता हे बोलणं या घरात पुन्हा झालं नाई पाहिजे."

एकवीस वर्षांनी तो हे बोलला. चंदाबाई चुलीपाशी होती. तिने मागे वळून पाहिलं नाही. भात उतू जात होता, तो तिने उतरवला. नंतर शेजारणीला सांगताना ती म्हणाली, बोलला ते बरं झालं, पण तेव्हा बोलला असता तर मी नर्सबाईच्या गाडीत बसली असती.

रक्ताच्या उत्तराने एक गोष्ट लगेच बदलली. नीलिमाने रिंकूची झोप आणणारी गोळी हळूहळू बंद केली आणि एक जुनी, साधी, सरकारी दवाखान्यातही मिळणारी गोळी सुरू केली. ती पोटॅशियमच्या दारावर चालत नाही, पेशीला चेतवणाऱ्या दुसऱ्या एका दाराला आवर घालते. पण हा दोष असणाऱ्या पुष्कळ जणांना तीच लागू पडते. चार महिन्यांत रिंकूचे झटके महिन्याला एक-दोनवर आले. ती जागी राहू लागली. आवाजाकडे मान वळवू लागली. बोलली नाही, आणि बोलणार नाही, हे नीलिमाने आधीच स्पष्ट सांगितलं होतं.

नेमकं तेच बिघडलेलं दार उघडं ठेवणारं औषध नाही का, असं चंदाबाईनेच एकदा नागपूरच्या दवाखान्यात विचारलं. नीलिमाने सांगितलं, परदेशात एक निघालं होतं. चालायचंही. पण फार दिवस घेतलं की लोकांची नखं, ओठ, डोळ्यांच्या आतला पडदा निळसर व्हायला लागला. घेणारे कमी झाले आणि कंपनीने ते बंद केलं. आता तशीच, पण निळं न करणारी औषधं शोधण्याचं काम चालू आहे, काही माणसांवर तपासून पाहत आहेत. इकडे कधी येतील, सांगता येत नाही.

"निळी तं निळी," चंदाबाई म्हणाली. "उठून बसली असती तं चाललं असतं. आमच्याकडं अर्ध्या मासोळ्या निळ्याच असतात."

दोघी हसल्या. खोलीत तेव्हा तिसरं कोणी नव्हतं. इस्तारी रिंकूला घेऊन बाहेर बाकावर बसला होता. हसणं थांबल्यावर चंदाबाई उठली नाही. नीलिमाने तिला विचारलं, काही आहे का अजून?

मग चंदाबाईने विचारलं. सगळं सांगून विचारलं, दिव्यानीवरून ऐकलेले टोमणे, चौथ्या दिवसाचा आनंद, नर्सबाईला पाठवून दिलं ते. बोलताना तिने पदराच्या टोकाला गाठ मारली, सोडली, परत मारली. "मी थांबली म्हणून पोट्टी अशी झाली का, मॅडम? खरं सांगा. झालं असन तं झालं म्हणा."

नीलिमाला खोटं सांगता आलं असतं. ती म्हणाली, रिंकूचं बोलणं-चालणं गेलं ते मुख्यतः त्या दारामुळेच, झटक्यांमुळे नाही. असं आम्हाला आता वाटतं. तुम्ही चौथ्या दिवशी नेलं असतं, तरी ही गोळी तेव्हा कोणी दिली असती असं नाही, कारण ती याला चालते हे तेव्हा फारसं कोणाला माहीत नव्हतं. तरी ते अडीच महिने वाचले असते तर थोडाही फरक पडला नसता, असं मी छातीठोक सांगू शकत नाही. "मले नाई माहीत, मावशी. कोणालेच नाई माहीत."

चंदाबाईने मान हलवली. तिने पदराची गाठ सोडली, पिशवी उचलली, आणि पुढची तारीख विचारून बाहेर आली. एसटीत बसल्यावर रिंकूचं डोकं मांडीवर घेऊन ती झोपली. कुरखेडा येईपर्यंत इस्तारीने तिला उठवलं नाही.

ज्याचं उत्तरच नाही, त्याच्याशी माणूस काय करणार? हलकं वाटलं असं तिने कधी म्हटलं नाही. तेच तेच मनात येणं कमी झालं, असं मात्र ती म्हणते.

गेल्या वर्षी इस्तारीच्या पुतण्याला, प्रफुलला, मुलगा झाला. चौथ्या दिवशी दुपारी तो थरथरला. शकुबाईला आता नीट दिसत नाही, तरी तिने बाळाला हाताने चाचपून पाहिलं आणि छपरातलं जाळं मागितलं. चंदाबाईने ते काढून दिलं. म्हातारीच्या हातात ते असतानाच चंदाबाईने बाळ कापडात गुंडाळलं, प्रफुलला मोटरसायकल काढायला लावली आणि बाळ छातीशी धरून मागे बसली. बाळंतीण शेजाऱ्याच्या गाडीने मागून आली. कुरखेड्याच्या डॉक्टरने नागपूरला फोन लावला. नीलिमाने सांगितलेलं औषध त्याच दिवशी सुरू झालं. दुसऱ्या महिन्यात थरथरी थांबली. पोरगा आता बसतो, रांगतो, हाती लागेल ते तोंडात घालतो.

शकुबाई म्हणते, ती तशीही थांबलीच असती. चंदाबाई यावर वाद घालत नाही. "हो, थांबली असती," ती म्हणते, आणि खरंही तेच आहे. प्रफुलच्या बायकोने एकदा तिला विचारलं, मग एवढी धावपळ कायले केली? चंदाबाई झिंगे निवडत होती. तिने वर न पाहता सांगितलं, "थे थांबणार का नाई, हे मले नाई कळत. तुले बी नाई कळत. म्हणून."

रिंकू आता एकोणीस वर्षांची आहे. नवं औषध अजून आलेलं नाही. चंदाबाई दर महिन्याला एकदा कुरखेड्याहून तिच्या जुन्याच गोळ्या आणते, सकाळ-संध्याकाळ भाताच्या पेजेत कुस्करून चारते, आणि ज्या दिवशी इस्तारी घरी असतो त्या दिवशी बाकीच्या बायांबरोबर खोल पाण्यात उतरते.